लोरविन एक्लिप्स्ड: रुमाल कुणी टाकलाय ते आधी बघ

पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने 2025 च्या उत्तरार्धात विचारलेला प्रश्न आहे: "दादा, जानेवारी 2026 मध्ये 'लोरविन एक्लिप्स्ड' येतोय. मला मॅजिक खेळायला लागून दोनच वर्षं झाली, मूळ लोरविन मी पाहिलेला नाही. नव्या सेटमध्ये काय असेल? जुनी कुठली कार्डं परत छापतील? आणि माझ्याकडे पंधरा हजार रुपये बाजूला पडलेत, त्यात लोरविनची जुनी कार्डं आत्ताच उचलून ठेवली तर फायदा होईल का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मॅजिक म्हणजे 'मॅजिक: द गॅदरिंग', विझर्ड्स या कंपनीचा पत्त्यांचा खेळ. कार्डं बंद पॅकमध्ये मिळतात, त्यातून आपला डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधायचा. दर काही महिन्यांनी नव्या कार्डांचा संच निघतो, त्याला सेट म्हणतात; लोरविन हा त्यातलाच एक. आता शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तेवढंच हवं असेल तर तू मोकळा: नको घेऊस. का नको ते खाली येईलच. पण अंदाज बांधायचा कसा हे कळल्याशिवाय ते 'नको' तुला पटणार नाही, आणि पटलं नाही की तू घेणारच. मीही तेच केलं असतं.

मूळ लोरविन ऑक्टोबर 2007 चा. माझ्यापर्यंत तो वर्षभराने पोचला. न्यू जर्सीचा मामेभाऊ दिवाळीला आला, त्याच्या बॅगेत चॉकलेटांखाली एक अख्खी पेटी होती, छत्तीस पॅकची. तिकडे तोवर सेट शिळा झाला होता म्हणून स्वस्तात मिळाली असणार. आईच्या मते ते पत्ते कुटायचं नवीन निमित्त होतं, आणि सतरा वर्षांनंतरही तिचं मत बदललेलं नाही. तेव्हापासून प्रत्येक सेटच्या आधी मी अंदाज लिहून ठेवतो. वहीत, पेनाने. नंतर खाडाखोड करता येऊ नये म्हणून. त्या वहीतलं एक पान आधी दाखवतो, कारण मला जे सांगायचंय ते मी त्या पानावर शिकलो.

2014 साली 'खान्स ऑफ तारकीर' येणार होता. तीन-तीन रंगांच्या टोळ्यांचा सेट. मी लिहिलं होतं की यात फेच लँड परत येतील. जमीन म्हणजे बाकीची कार्डं खेळायला लागणारी रंगीत ताकद, माना, देणारं कार्ड; आणि फेच लँड म्हणजे स्वतः मरून डेकमधून ठरलेल्या दोन प्रकारांपैकी एकाची जमीन शोधून आणणारी कार्डं. पहिली पाच 2002 च्या ऑनस्लॉटमध्ये आली, दुसरी पाच 2009 च्या झेंडिकारमध्ये. 2011 मध्ये मॉडर्न हा फॉरमॅट, म्हणजे कुठली कार्डं चालतील ते ठरवणारा खेळप्रकार, सुरू झाल्यावर झेंडिकारवाल्या पाचांचे भाव चढत गेले, आणि ऑनस्लॉटवाली पाच तर मॉडर्नमध्ये चालतच नव्हती. तीन रंगांच्या सेटला चांगल्या जमिनी लागणार होत्या, आणि त्याच सुमारास 'रिटर्न टू रावनिका'च्या शॉक लँड (दोन-दोन रंगांच्या जमिनी) स्टँडर्डमधून, म्हणजे फक्त ताजे सेट चालणाऱ्या फॉरमॅटमधून, बाहेर पडत होत्या. म्हणजे जागाही मोकळी होत होती. ऑगस्टच्या शेवटी घोषणा झाली आणि ऑनस्लॉटची पाचही फेच लँड खान्समध्ये निघाली. पुढचे कित्येक महिने मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

मग 2015 मध्ये 'बॅटल फॉर झेंडिकार' जाहीर झाला. झेंडिकार म्हटलं की फेच लँड, शेंबडं पोरही सांगेल. एका पाठोपाठ दोन वर्षं, आधी मित्ररंगांची (पाच रंगांच्या चक्रावर शेजारच्या रंगांची) पाच, मग शत्रुरंगांची (शेजारी नसलेल्या रंगांची) पाच. किती छान जुळतंय! मी माझ्या झेंडिकारच्या फेच लँड, चार स्काल्डिंग टार्न आणि तीन मिस्टी रेनफॉरेस्ट, विकून टाकल्या, छापून आल्यावर निम्म्यात परत घेऊ म्हणून. सेट आला. नेहमीच्या कार्डांत एकही फेच लँड नव्हती. दहाच्या दहा होत्या, पण 'एक्स्पिडिशन्स' नावाच्या चकचकीत विशेष मालिकेत, जिच्यात एकूण पंचवीस कार्डं होती आणि जी पेट्या फोडत बसलं तरी हाती लागेल याची खात्री नव्हती. त्याने भाव थोडेच पडतात! ज्याला विकली त्या मित्राने मला बिर्याणी खाऊ घातली, सांत्वन म्हणून. नेहमीच्या रूपात ती पाच कार्डं मार्च 2017 च्या 'मॉडर्न मास्टर्स'मध्ये आली आणि मुबलक झाली ती जून 2021 च्या 'मॉडर्न होरायझन्स 2'मध्ये. मला स्काल्डिंग टार्न परत मिळाले तोवर माझं लग्न झालं होतं.

चूक कुठे झाली? 2014 ला मी विचारलं होतं, "जागा मोकळी आहे का?" 2015 ला विचारलं, "झेंडिकारला काय शोभेल?" दुसरा प्रश्न गोड असतो आणि नेहमी हो म्हणतो. पण खान्सची पाच फेच लँड एप्रिल 2016 पर्यंत स्टँडर्डमध्ये बसून होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा त्यांचा रुमाल आधीच पडलेला होता. त्यातच बॅटल फॉर झेंडिकारच्या स्वतःच्या नव्या जमिनींवर दोन-दोन मूळ जमिनींचे प्रकार छापलेले होते, म्हणजे त्यातला कुठलाही एक प्रकार शोधणारी फेच लँड त्या आणू शकत होती. पाचच फेच लँड असूनही त्या हिवाळ्यात सगळीकडे चार रंगांचे डेक दिसत होते आणि स्टँडर्ड खिशाला जड झालं होतं. दहा असती तर डेक पिसण्यातच संध्याकाळ गेली असती. हे सगळं मला आधी कळण्यासारखं होतं. मी बघितलंच नाही.

तेव्हापासून कार्ड ओळखायचा नाद सोडला. कार्डाची जागा ओळखतो: ती आहे का, किती आहे, आणि तिच्यावर कुणाचा रुमाल आहे का. आता हेच लोरविनला लावून बघू. नव्या सेटची काही झलक कुठे दाखवली गेली असेल तर ती बाजूला ठेवून लिहितोय. नाहीतर तो अंदाज कसला.

आधी मूळ जग समजून घे. लोरविनमध्ये माणसं नाहीतच. एल्फ, फेअरी, मरफोक, बोगार्ट म्हणवणारे गॉब्लिन, किथकिन, जायंट, ट्रीफोक आणि एलिमेंटल अशा आठ जमाती, आणि कुठल्याही जमातीत खपून जाणारे चेंजलिंग. तिथे कायम लख्ख ऊन. ऑक्टोबर 2007 चा लोरविन आणि फेब्रुवारी 2008 चा मॉर्निंगटाइड हे उजेडातले सेट. मग ऑरोरा नावाचा बदल होतो आणि तेच जग शॅडोमूर बनतं, कायमची सांजवेळ. मे 2008 चा शॅडोमूर आणि जुलैचा ईव्हनटाइड. उजेडात जमातींचा खेळ, अंधारात रंगांचा. म्हणजे जुने चार सेट, दोन स्वभाव, आणि हे सगळं आता एका सेटमध्ये कोंबायचंय. 'एक्लिप्स्ड' या नावातच ग्रहण आहे, तेव्हा दोन्ही स्वभाव एकत्र दिसणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मग पहिली अडचण: काउंटर, म्हणजे प्राण्याची ताकद वाढली की घटली ते दाखवायला कार्डावर ठेवायच्या खुणा. लोरविनमध्ये प्राण्यांवर अधिक एकचे काउंटर पडायचे, शॅडोमूरमध्ये उणे एकचे. दोन्ही एकाच टेबलावर आले की कुठला फासा काय दाखवतोय हे पाच मिनिटांत कुणालाच कळेनासं होतं. म्हणून एका सेटमध्ये शक्यतो एकाच जातीचे काउंटर ठेवायचे हा विझर्ड्सचा जुना शिरस्ता. इथे एकच खुर्ची आहे. अधिक एकवाले दरवर्षी येतात, त्यांचं अप्रूप नाही. उणे एकवाले शॅडोमूरची ओळखच आहेत. विदर (प्राण्याला होणारं नुकसान उणे एक काउंटरांच्या रूपात देणं) आणि पर्सिस्ट हे दोन्ही गुण त्यांच्याविना चालत नाहीत. आणि त्यांच्यावर अख्खा सेट उभा राहतो हे 2017 च्या अमोनखेटने दाखवलेलं आहे. माझ्या वहीत लिहिलंय: उणे एक, दहापैकी आठ. पर्सिस्ट तसाच परत येईल का याबद्दल मात्र हात आखडता घेतो. मरून परत येणारा आणि येताना उणे एक काउंटर घेऊन येणारा प्राणी, त्याला कुठूनतरी अधिक एक मिळाला की दोन्ही काउंटर एकमेकांना खाऊन टाकतात आणि तो प्राणी पुन्हा मरायला तयार. या गणितातून किती अनंत चक्रं निघाली त्याची मोजदाद नाही. विझर्ड्स उणे एक घेतील, पण नव्या नावाच्या नव्या गुणात बांधून घेतील असं मला वाटतं.

दुसरी अडचण जमातींची, आणि ही मला सगळ्यात रंगतदार वाटते. आज सेट रचताना ड्राफ्टसाठी (पॅक फोडून, एकेक कार्ड उचलत डेक बांधायचा खेळ) दोन रंगांच्या दहा जोड्या धरतात. प्रत्येक जोडीचा एक डाव. जुन्या जमाती त्यावर मांडून बघ. पांढरा-निळा मरफोक, निळा-काळा फेअरी, काळा-लाल गॉब्लिन, हिरवा-पांढरा किथकिन. मित्ररंगांच्या पाचातल्या चार जागा आपोआप भरल्या. लाल-हिरवी रिकामी. काळा-हिरवा एल्फ, लाल-पांढरा जायंट. ट्रीफोक तीन रंगांत पसरलेले, एलिमेंटल तर मुळात लाल पण पाचही रंगांत सापडायचे. आठ जमाती दहा खुर्च्यांवर, वरवर पाहता सहज मावतात. पण मावणार नाहीत, आणि त्याचं कारण मूळ लोरविननेच देऊन ठेवलंय.

मामेभावाच्या त्या पेटीतून आम्ही चौघं ड्राफ्ट खेळलो तेव्हाचं सांगतो. टेबलावर बारा प्राणी. त्यातल्या प्रत्येकाची जमात बघायची, कोण कुणाला ताकद देतोय ते बघायचं, त्यात चेंजलिंग सगळ्यांनाच लागू. मॉर्निंगटाइडने त्यात व्यवसायही घातले: सोल्जर, विझर्ड, रोग, वॉरियर, शमन. म्हणजे किथकिन सोल्जर हा किथकिन म्हणूनही मोजायचा आणि सोल्जर म्हणूनही. जातगणनाच ती! हल्ला करायचा की नाही हे ठरवायला एकेकाला दहा मिनिटं लागायची आणि त्यात मामेभाऊ झोपायचा. आम्ही नवखे म्हणून आम्हाला जड जातंय असं वाटायचं, पण मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी नंतर स्वतः लिहिलं की त्या काळातल्या सेटची गुंतागुंत हाताबाहेर गेली होती, आणि त्यातूनच कॉमन, म्हणजे पॅकमध्ये सगळ्यात जास्त मिळणारी, कार्डं साधी ठेवायचं 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' हे धोरण आलं. ज्या सेटमुळे नियम बदलले, तो सेट परत आणताना तीच चूक कोण करेल?

म्हणून माझा अंदाज असा: आठ जमातींना सारखा न्याय मिळणार नाही. चार किंवा पाच थोरल्या, ज्यांच्यावर कॉमनपासून डाव उभा राहील, आणि उरलेल्या धाकट्या, ज्यांना मोजकी पण देखणी कार्डं. थोरल्यांत एल्फ, गॉब्लिन आणि मरफोक असणार. त्यांना बाहेरच्या फॉरमॅटमध्येही गिऱ्हाईक आहे. किथकिन लोरविनबाहेर फारसे कुठे सापडत नाहीत, त्यांना इथे वगळलं तर लोक दगड मारतील, म्हणून तेही थोरले. पाचवी जागा एलिमेंटलची, आणि इव्होक याच गुणामुळे: प्राणी स्वस्तात उतरवायचा, त्याचा परिणाम घ्यायचा आणि तो लगेच मरतो. मलड्रिफ्टर हे त्यातलं सगळ्यांचं लाडकं. 2021 मध्ये मॉडर्न होरायझन्स 2 ने फुकटात इव्होक होणारे पाच एलिमेंटल काढले आणि हात भाजून घेतला. त्यातला फ्यूरी डिसेंबर 2023 मध्ये आणि ग्रीफ ऑगस्ट 2024 मध्ये मॉडर्नमधून बंद झाला. तेव्हा इव्होक येईल, पण माना मोजून घेणारा. ट्रीफोक आणि जायंट धाकट्यात जातील. फेअरींचं काय ते मला ठरवता येत नाही. मन म्हणतं थोरल्या, पण निळ्या-काळ्या फेअरी 2023 च्या 'वाइल्ड्स ऑफ एल्ड्रेन'मध्ये नुकत्याच येऊन गेल्या. रुमाल अजून पुरता उचललेला नाही. वहीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

बाकीचं भराभर. चेंजलिंग येणारच, ते लोरविनबाहेरही, 2021 च्या काल्डहाइमसारख्या सेटमध्ये, येत राहिलेत. हायब्रिड माना, म्हणजे दोनपैकी कुठल्याही रंगाने भरता येणारी किंमत, शॅडोमूरचा कणा होती, ती येणार. क्लॅश, ज्यात दोघांनी डेकचं वरचं कार्ड उघडून कुणाचं महाग ते बघायचं, विसर. वेळ खातो आणि कुणालाच आवडला नाही. शॅडोमूरचं अनटॅपचं उलट्या बाणाचं चिन्ह, तेही विसर; टॅपच्या (कार्ड आडवं करण्याच्या) चिन्हाशी घोटाळा व्हायचा, माझा तर आजही होतो. शॉक लँडपैकी पाच ऑगस्ट 2025 च्या 'एज ऑफ इटर्निटीज'मध्ये आल्या. दहाच्या चक्रातली अर्धी एका सेटमध्ये दिल्यावर उरलेली अर्धी लटकत ठेवत नाहीत, आणि मधले दोन सेट स्पायडर-मॅन आणि अवतारचे. उरलेल्या पाच लोरविनमध्येच, असं मी धरून चाललोय. याला मी अंदाज म्हणतसुद्धा नाही.

आता एक वेगळी गोष्ट, जी मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोरविनचा अंदाज लोरविनच्या पाच महिने आधी एका कार्डावर छापून आला होता. मे 2007 च्या 'फ्यूचर साइट'मध्ये टार्मोगॉयफ नावाचा प्राणी होता. कबरीत जितक्या प्रकारची कार्डं तितकी त्याची ताकद. खाली कंसात प्रकारांची यादी छापली होती आणि तिच्यात 'प्लेनस्वॉकर' आणि 'ट्रायबल' असे दोन प्रकार होते. त्या दिवसापर्यंत प्लेनस्वॉकर नावाचा कार्डप्रकार अस्तित्वातच नव्हता. लोकांना वाटलं गंमत आहे. ऑक्टोबरमध्ये लोरविन आला तो पाच प्लेनस्वॉकर घेऊन: अजानी, जेस, लिलियाना, चांद्रा, गॅरक. सगळा पुरावा डोळ्यांसमोर छापलेला, आणि बहुतेकांनी त्या कंसाकडे ढुंकून पाहिलं नाही. टार्मोगॉयफकडे एक सामान्य प्राणी म्हणूनच पाहिलं गेलं, सुरुवातीला तर तो किरकोळ भावात मिळत होता, आणि पुढे काही वर्षं तो मॉडर्नमधलं सगळ्यात महागडं कार्ड होऊन बसला. त्यातला 'ट्रायबल' प्रकार आता 'किन्ड्रेड' म्हणून ओळखला जातो. 2010 नंतर तो नेहमीच्या सेटमधून जवळजवळ गायबच झाला होता. लोरविनमध्ये तो दहा-बारा कार्डांवर दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही. नाव बदलायचे कष्ट कुणी उगाच घेत नाही.

काळाचं गणितही ध्यानात ठेव. हा सेट ऑगस्ट 2023 मध्ये 'रेसलिंग' या टोपणनावाने जाहीर झाला होता, तेव्हा तो 2025 मध्ये येणार होता, मग पुढे ढकलला गेला. सेटची पहिली आखणी बाजारात येण्याच्या दोन वर्षं किंवा त्याहूनही आधी सुरू होते, आणि छपाईला जायच्या कितीतरी महिने आधी कार्डं गोठवली जातात. म्हणून "आज स्टँडर्डमध्ये अमुक डेक माजलाय, त्याचं औषध लोरविनमध्ये येईल" असं कुणी म्हणालं की मी चहा मागवतो. ज्यांनी ही कार्डं रचली त्यांना तो डेक माहीतही नव्हता. औषध निघालंच तर योगायोगाने.

प्रीव्ह्यू सुरू झाले की खरी मजा. तेव्हा दोन हत्यारं वापरायची. एक म्हणजे रोझवॉटर प्रत्येक सेटच्या आधी इशाऱ्यांची यादी देतात: कुठल्या कार्डावरचा अर्धा मजकूर, काही प्राण्यांचे प्रकार, एखादी जुनी गोष्ट परत येतेय अशी हूल. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असतं आणि बहुतेकांचा अर्थ आपण चुकीचा लावतो. दुसरं हत्यार माझ्या आवडीचं, कार्डांच्या क्रमांकांचं. सेटमधली कार्डं आधी रंगाने लावतात, पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा, मग बहुरंगी, आर्टिफॅक्ट आणि जमिनी. आणि प्रत्येक रंगाच्या आत इंग्रजी नावाच्या वर्णक्रमाने. म्हणजे समज, निळ्यांमध्ये 58 क्रमांकाचं कार्ड 'एम' अक्षराचं दिसलं आणि 60 क्रमांकाचंही 'एम'चंच, तर मधलं 59 'एम'चंच असणार. मलड्रिफ्टर तिथे बसतो का? इंग्रजी स्पेलिंगने दोन्हींच्या मध्ये पडत असेल तर शक्यता जिवंत, नसेल तर मेली. हे कार्ड ओळखायला कमी आणि नाकारायला जास्त उपयोगी पडतं. आणि नाकारणं फार मोलाचं असतं. एकदा सगळे ज्या कार्डाची वाट बघत होते ते बसूच शकत नाही हे आम्ही दोघा-तिघांनी पेन्सिलीने तक्ता मांडून दोन दिवस आधी काढलं होतं. कुणी ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी.

फुटलेल्या बातम्यांबद्दल एवढंच: 2011 मध्ये 'न्यू फायरेक्सिया'ची संपूर्ण यादी वेळेआधी बाहेर आली होती, त्यामुळे सगळंच खोटं असतं असं नाही. पण अंधुक फोटो आणि "माझा मित्र कारखान्यात आहे" यावर एक रुपयाही लावायचा नाही.

आता पैसे. तुझ्या डोक्यात कुठली कार्डं आहेत ते मला माहीत आहे, कारण सगळ्यांच्याच डोक्यात तीच असतात: थॉटसीझ, क्रिप्टिक कमांड, बिटरब्लॉसम, म्युटाव्हॉल्ट. यांना रुमालाची कसोटी लाव. लोरविन एक्लिप्स्ड स्टँडर्डमध्ये चालणार, म्हणजे यात जे छापाल ते काही वर्षं स्टँडर्डमध्ये नांदणार. बिटरब्लॉसम एकदा उतरलं की दर फेरीला आपला एक लाइफ पॉइंट जातो आणि एक उडणारी फेअरी मिळते. असलं कार्ड आजच्या स्टँडर्डमध्ये सोडायची छाती कुणाची होईल असं वाटत नाही. त्यापेक्षा त्याची आठवण करून देणारं, थोडं दात काढलेलं नवं कार्ड येईल. जुन्या जगात परतताना विझर्ड्स हल्ली हेच करतात. जुनं कार्ड जसंच्या तसं हवं असेल तर त्यासाठी 'स्पेशल गेस्ट्स' आहेत, 2023 च्या शेवटापासून सुरू झालेली. त्यात आलेली जुनी कार्डं पॅकमध्ये असतात पण त्यामुळे स्टँडर्डमध्ये येत नाहीत. तेव्हा बिटरब्लॉसम मुख्य सेटमध्ये दहात एक, पाहुणा म्हणून दहात चार. थॉटसीझ 2013 च्या थिरॉसमधून एकदा स्टँडर्डमध्ये येऊन गेलंय आणि तेव्हा त्याचा किती वैताग आला होता ते मला आठवतं. मुख्य सेटमध्ये त्यालाही दहात एक.

आता बघ, तू आत्ता थॉटसीझ घेतलंस. परत छापलं तर भाव पडला. नाही छापलं तर भाव तिथेच, कारण लोरविन परत येणार हे जगाला ऑगस्ट 2023 पासून माहीत आहे. ज्यांना उचलायचं होतं त्यांनी तेव्हाच उचललं. तू घेणार ते त्यांच्याकडूनच. आणि कधीच परत छापणार नाही अशी शपथ घातलेली जी रिझर्व्ह्ड लिस्ट आहे, ती 1999 च्या उर्झाज डेस्टिनीपाशी संपते. लोरविनचं एकही कार्ड तिच्यात नाही. टांगती तलवार कायमची.

अंदाज बरोबर येऊनही पैसे बुडतात, हे बिटरब्लॉसमनेच शिकवलं. मॉडर्न सुरू झालं तेव्हापासून ते बंदीत होतं. बंदी उठणार अशी कुजबुज होती, मीही वहीत लिहिलं होतं, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये खरंच उठली. भाव एका रात्रीत उडाला. आमच्यातल्या एकाने त्याच रात्री वरच्या भावात चार मागवली, फेअरींचं राज्य परत येणार म्हणून. राज्य वगैरे आलं नाही. फेअरी मॉडर्नमध्ये कधी चांगल्या, कधी मध्यम, आणि कार्डं पोस्टाने यायच्या आधीच भाव उतरायला लागला.

'पोस्टाने यायच्या आधी' हे आपल्यासाठी कळीचं आहे. अमेरिकेतला पोरगा आज घेऊन उद्या विकू शकतो. आपण बाहेरून मागवलं तर टपालखर्च, कस्टम, डॉलरचा भाव आणि दोन-तीन आठवडे. विकायला गेलं तर पुण्या-मुंबईत घेणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती सगळी तुझ्या ओळखीची. त्यांना तू पूर्ण भाव लावणार आहेस का? कागदावर तीस टक्के चढलेलं कार्ड इथे विकताना खरेदीच्या किमतीलाही जात नाही, हा माझा अनुभव आहे. शिवाय फॉइल (चकचकीत छपाईची कार्डं) घेतलीस तर पावसाळ्यात ती पापडासारखी वळतात. एका जुलैत मी सबंध फोल्डर तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला होता, कुणीतरी सांगितलं म्हणून. त्याला पोरकिडे लागले. सिलिका जेलच्या पुड्या घे.

पंधरा हजारांचं मी काय करेन ते सांगतो. सेट 23 जानेवारी 2026 ला येतोय, प्रीरिलीज, म्हणजे सेट बाजारात यायच्या आधीची खेळाची बैठक, त्याच्या आदल्या आठवड्यात. तिथे जा. सहा पॅक मिळतात, त्यातून चाळीस कार्डांचा डेक तिथल्या तिथे बांधायचा असतो, आणि अंदाज चुकलेली माणसं तुझ्यासमोर बसलेली असतात. त्या सगळ्यांचे चेहरे बघण्यातच निम्मे पैसे वसूल. पहिल्या आठवड्यात सुटी कार्डं घेऊ नकोस. तेव्हा पॅक कमी फुटलेले असतात आणि जो तो आपला डेक आधी बांधायच्या घाईत असतो, म्हणून भाव वर. चार ते सहा आठवडे थांब. मग शॉक लँड घे, तुझ्या रंगांच्या, चार-चार. ही गुंतवणूक नाही, वापरायची भांडी आहेत; स्टँडर्ड संपलं तरी पायोनियर, मॉडर्न, कमांडर या फॉरमॅटमध्ये सगळीकडे चालतात. उरलेल्यात ज्या जमातीवर जीव जडेल तिचा डेक बांध. मूळ लोरविनची चव बघायची असेल तर त्यातली कॉमन कार्डं आजही चिल्लर भावात मिळतात. चौघं जमा, आणि टेबलावर बारा प्राणी आले की हल्ला करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ.

आणि अंदाज मात्र जरूर लिही, तारीख घालून. माझ्या वहीतलं या सेटचं पान भरून झालंय: उणे एक, पाच थोरल्या जमाती, इव्होक, शॉक लँड, फेअरींपुढे प्रश्नचिन्ह. तळाशी एक ओळ अशी आहे जिला कुठलाही आधार नाही, जागेचा नाही की रुमालाचा नाही. तिथे लिहिलंय, "मलड्रिफ्टर, जुन्याच चित्रासह." मामेभावाच्या पेटीतले चार अजून माझ्याकडे आहेत, कोपरे झिजलेले. ते विकत मागू नकोस.